वळणापलीकडचा आवाज

घाटात दोन गाड्या मागेपुढे चालल्या की पुढची गाडी बहुतेक वेळ दिसतच नाही. एक वळण, त्याला लागून दुसरं, मध्ये डोंगराची सोंड. पुढे मित्र आहे हे कानांनी कळतं. त्याची बुलेट जुनी आहे, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली, बिडाच्या इंजिनाची, 346 सीसीची. चढाला लागली की तिच्या फायरिंगचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो. ठोके दाटले की समजायचं, त्याने गिअर उतरवलाय, पुढे चढ खडा आहे. आवाज एकदम दबला तर त्याने थ्रॉटल सोडलाय. म्हणजे खडी, गुरं, नाहीतर समोरून एसटी. आणि आवाज अचानक दरीपलीकडून, जवळजवळ समोरून यायला लागला, की रस्ता ओढा ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलेला असतो. हल्ली हेल्मेटमध्ये यंत्र लावून गप्पा मारत जातात. मला ते नको वाटतं. इंजिन मला जेवढं सांगतं, तेवढं माझा मित्र तोंडाने कधी सांगणार नाही. तो मुळातच कमी बोलतो, आणि या उन्हाळ्यात वडील गेल्यापासून आणखीच कमी. बुलेट वडिलांची.

सप्टेंबर संपत आला होता. हायवेला लागायचं नाही, एवढंच ठरवून निघालो. खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेने खानापूरपर्यंत, डोक्यावर सिंहगड, आणि तिथून डावीकडे पाबे घाट. घाट छोटा, पण चढ अंगावर येणारा. माझी शंभर सीसीची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत होती, कठीण जागी पहिल्यात जात होती. पावसाने रस्त्याच्या साइडपट्ट्या खाल्लेल्या, वळणावळणाला खडी वाहून आलेली. खडीवर पुढचा ब्रेक धरायचा नाही, हँडल सैल ठेवायचं, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. गाडी नजरेमागे जाते. हे मला शिकवलं त्याच्या वडिलांनी, याच बुलेटवर, आमच्या गल्लीमागच्या मैदानात. संध्याकाळी ते कामावरून परत यायचे तेव्हा बुलेट कोपऱ्यावर असतानाच आम्हाला कळायचं आणि आमचा डाव मोडायचा.

घाटमाथ्यावर तोरणा आणि राजगड एकदम समोर येतात. कितीही वेळा इकडून आलो तरी इथे गाडी स्टँडवर लावावीच लागते. सोनकीने उतार पिवळे झाले होते, बांधांवर तेरडा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. यंदा तिची पाळी नव्हती, नुसतीच हिरवी गच्च उभी होती. या भागातल्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या, वरून शेणामातीचं लिंपण.

सह्याद्रीचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेले, मग पाण्याने ते कोरले, आणि कड्यांच्या मध्ये सपाटीचे पदर राहिले. तोरण्याच्या अंगावर हे पट्टे लांबूनही मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. वाड्या पदरावर, खाचरं पदरावर, आणि जुने रस्तेही पदर धरूनच गेलेले. हायवेला डोंगर अडला तर बोगदा पाडतात. आडरस्ता सोंडेला वळसा घालतो, पाणी जिथे उथळ तिथे ओढा ओलांडतो, खिंड जिथे खाली उतरली असेल तिथूनच पलीकडे जातो. त्यावरून गाडी चालवताना हात आणि कंबर डोंगराचा आकार शिकतात. नकाशा बघून तो मला कधीच इतका कळलेला नाही.

वेल्ह्यात पोहे खाल्ले. तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय, माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. वेल्ह्यापुढे रहदारी संपते. तोरण्याला बगल देत रस्ता भट्टी, पासली अशा गावांतून केळदकडे जातो. 1403 मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच, आणि या रस्त्यावर तो दर थोड्या वेळाने नव्या अंगाने दिसतो: कधी बुधला माचीचा सुळका, कधी नुसती भिंत, कधी ढगाने सगळाच पुसून टाकलेला. भात निसवलं होतं. ओल्या खाचरांचा आणि निसवल्या भाताचा तो गोडसर वास हेल्मेटमध्ये भरून राहतो. चारचाकीच्या काचा खाली केल्या तरी तो असा मिळत नाही.

केळदच्या पुढे मढे घाट. इथे गाडीचा रस्ता कड्यापाशी थांबतो आणि पायवाट कोकणात उतरते. शेजारून लक्ष्मी धबधबा दरीत पडतो. पावसाळी रविवारी इथे जत्रा असते. आम्ही आडवारी गेलो होतो, शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा सोडले तर कुणी नव्हतं. "कुठनं आला?" त्यांनी विचारलं. पुण्याहून म्हटल्यावर म्हणाले, "मग तानाजीरावांच्याच वाटेनं आला की."

4 फेब्रुवारी 1670 ला सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचं शव या घाटाने खाली उतरवून उमरठ्याला, त्यांच्या गावी नेलं, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात; घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. सकाळी सिंहगडाच्या सावलीतून निघून आम्ही इथवर आलो होतो, मध्ये चहा, पोहे आणि फोटो. मी कड्यावरून ती वाट खाली बघत होतो. निसरडी, दगडी, एका वेळी एकच माणूस उतरेल अशी. त्या अरुंद पायऱ्यांवर चौघांनी खांदा कसा दिला असेल? पुढचे दोघे खाली, मागचे दोघे वर. सगळा भार पुढच्यांवर आला असणार. की पालखी दोरांनी मागे धरून ठेवली असेल? की चौघांची वाट नाहीच म्हणून एकेकाने पाठीवर घेतलं असेल? खाली पोचेपर्यंत किती जणांनी खांदे बदलले असतील! इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते, दोर असतो, कडा असतो. नंतरची ही चाल मात्र एका वाक्यात संपते. मला वाटतं, त्या मावळ्यांची खरी कसोटी ही वाट होती. लढताना अंगात वारं भरलेलं असतं. इथे नुसतं ओझं होतं आणि उतार होता.

मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण मित्र बराच वेळाने म्हणाला, "आमचं अंतर शववाहिनीपासून चौथऱ्यापर्यंतचं. तेवढंच. तरी खांदा आठवडाभर दुखत होता."

मी काही बोललो नाही. तो पुढे म्हणाला, "दुखणं थांबलं तेव्हा जास्त वाईट वाटलं."

म्हातारबाबांनी शेळ्या वळवल्या आणि आम्हाला ताक प्यायला घरी चला म्हणाले. गेलो. ताकाबरोबर तांदळाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचाही पानात आला. पैसे विचारले तर आजींना राग आला.

केळदहून परतीला आल्या वाटेने न जाता खिंडीतून वेळवंड खोऱ्यात उतरलो. उतार चढापेक्षा अवघड. इंजिन बंद करून गाडी सोडणारे मी पाहिलेत. तो पेट्रोलसाठी जिवाशी केलेला सौदा आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. काँक्रीटच्या तुकड्यांवर शेवाळ होतं, साकवावरून घोटाभर पाणी वाहत होतं. मित्र साकवाच्या पलीकडे थांबला आणि मी पार होईपर्यंत मागे वळून बघत राहिला. हे त्याच्या वडिलांचं. तेही असेच थांबायचे.

खोऱ्यात उतरल्यावर भाटघरचं पाणी लागतं. वेळवंडीवरचं हे धरण; आधीचं, 1881 ते 1892 दरम्यान बांधलेलं, आताच्या 1928 च्या धरणामुळे पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव येसाजी कंकांचं, त्यांचं भुतोंडे याच खोऱ्यातलं. सप्टेंबरात पाणी काठोकाठ असतं. त्याखाली वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातला बहुतेक काळ बुडालेलं, मेच्या आसपास पाणी ओसरलं की उघडं पडणारं. तेवढ्या दिवसांत गावकरी गाळ काढतात, पूजा करतात, आणि पावसाळा आला की देव पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करतात.

पाण्याच्या कडेने रस्ता सपाट आणि नागमोडी होता. एका वळणावर मित्र थांबला, किल्ली माझ्या हातात दिली. "आता तू घे."

"का रे?"

"मला मागून ऐकायचीय."

किक मारली. पहिल्या किकेला नाही, दुसऱ्या किकेला लागली. डाव्या पायाला ब्रेक, उजव्या पायाला गिअर, पहिला वर, बाकीचे खाली, असं मनात घोकत मी निघालो. शंभर सीसीवर तो मागे. आरशात त्याचं हेल्मेट लहान होत गेलं. मी मुद्दाम वेग वाढवला नाही. एका लांब वळणावर तो आरशातून गेला आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी तशीच चालवत ठेवली, ठोके न तुटता, त्याला ऐकू जाईल अशी. पुढच्या वाडीतल्या दुकानापाशी थांबलो. त्याला यायला बराच वेळ लागला. आला, काच वर केली, डोळे पुसले आणि म्हणाला, "टॅपेट जरा वाजतायत. सेट करायला हवेत."

कापूरव्होळला हायवे आडवा आला. ट्रकांच्या घरघरीत आमच्या दोन्ही गाड्यांचा आवाज आम्हालाच ऐकू येईना. चहा घेतला. डावीकडे वळलं की तासाभरात घर. समोर नारायणपूरचा रस्ता होता, पुरंदरच्या पायथ्याने सासवडला जाणारा, तिथून बोपदेव घाट उतरून पुणे. लांबचा आणि अंधाराचा. माझ्या गाडीचा दिवा मंद, म्हणून बुलेट परत त्याच्याकडे दिली. त्याने दिवा लावला, हायवे ओलांडला आणि नारायणपूरच्या रस्त्याला लागला.