बाबांचं मोठ्ठं चाक

पॉवर स्टिअरिंगची सवय लागलेल्या मंडळींना एक विनंती. चान्स मिळाला तर उभ्या प्रीमियर पद्मिनीचं स्टिअरिंग एकदा फिरवून बघा. जिमचे पैसे वाचतील!

आमच्या मुरबाडच्या घरी अशी एक पद्मिनी आहे. १९८६ची, क्रीम कलरची, गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीच. बाबांनी सेकंडहँड घेतलेली. मी नोकरीला ऐरोलीत, त्यामुळे आमची भेट फक्त वीकेंडला. गेल्या उन्हाळ्यात तिच्या स्टिअरिंगला मधोमध तडा गेला. बाबांनी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि विषय संपवला. मला काही ते पटेना. माळशेजच्या वळणावर चाक हातात आलं तर?

‘‘मग विकून टाकू,’’ बाबा म्हणाले. ‘‘तसाही डावा खांदा साथ देत नाही हल्ली.’’ अगदी सहज म्हणाले. पण दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली त्यांनी कपाटात नेऊन ठेवली. ते बघून मात्र मला राहवेना.

ऑफिसमधल्या मित्राने लगेच लेदरवालं छोटं स्पोर्टी चाक सुचवलं. दिसतं झकास, पण या गाडीत मोटर नाही की हायड्रॉलिक पंप नाही. मोठं चाक हाच काय तो तिचा पॉवर स्टिअरिंग! चाकाचा व्यास पाव हिश्श्याने कमी केला, तर तेवढंच वळायला हाताला जवळपास तेहतीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. दुखऱ्या खांद्याला हे कोण सांगणार? म्हणजे चाक हवं होतं ते मूळ मापाचंच.

आता ते आणायचं कुठून? या गाड्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायच्या. १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट म्हणून, पुढे १९७४ मध्ये नाव पडलं पद्मिनी. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रिटायर झाल्या, आणि त्यांचे अवयव अजून भंगारवाल्यांकडे सापडतात. (अवयवदानच म्हणा ना!)

आधी जुनं चाक उतरवलं. गॅरेजवाले काका म्हणाले, ‘‘ताई, बघून ठेवा. पुढच्या वेळी मी असेन-नसेन.’’ बॅटरीची वायर काढायची, नाहीतर हॉर्न बोंबलतो. पुढची चाकं सरळ करायची. हॉर्नचं बटण काढलं की खाली मोठा नट. तो सैल करायचा, पण दोन आटे राहू द्यायचे. कारण पुलर लावून ओढलं की चाक फाडकन सुटतं. नट असला तर ते तिथेच अडतं, नाहीतर दात आपले जातात! खालून हातोडा मारायचा नाही, तो मार थेट स्टिअरिंग बॉक्सला बसतो.

मधल्या भोकात बारीक दाते असतात. त्यांचा ठसा मी कागदावर घेतला आणि तो घेऊन कुर्ला गाठलं. पहिली दोन चाकं जुळली नाहीत. तिसरं जुळलं. काळं, टॅक्सीचं, घासून गुळगुळीत झालेलं.

बसवायला दहा मिनिटं लागली. मग ट्रायल, मुरबाड ते सरळगाव. बाबा चालवत होते. गावाचं नाव सरळ, पण रस्ता सरळ असताना आमचं चाक डावीकडे कललेलं. ‘‘एक दाता चुकलाय,’’ बाबा म्हणाले. काकांना कबूल नव्हतं. परत उघडलं, तर खरंच एक दाता! एवढ्यानेही गाडी सरळच जाते बरं का. पण बाबांना चालणार होतं थोडंच.

दुसऱ्या ट्रायलला बाबांचा अंगठा चाकाच्या उजव्या बाजूवरून फिरत होता. तिथे खळगा पडलाय.

‘‘अगं, डावा हात गिअरवर, म्हणून सगळा भार उजव्यावर. बरीच वर्षं चालवलेली दिसतेय गड्याने.’’

मग त्यांनी आपला हात नेमका त्या खळग्यात ठेवला, सरळगाव मागे टाकलं आणि म्हणाले, ‘‘टोकावड्याला चहा घेऊ.’’