सिंहाचा जबडा

लाकडाची रेषा उभी ठेवली तर सिंहाचे सुळे टिकतात, शमशोनाची बोटं तुटतात. आडवी ठेवली तर बोटं वाचतात, सुळे जातात. शिवण लाकडाचा ठोकळा जेमतेम हातभर, पण या पेचानं माझी झोप घेतली.

बंगळुरूच्या पीण्यात, तुमकूर रोडच्या बाजूला, आमचं पॅटर्न शॉप; ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचं. लाकूड रेतीतून अलगद बाहेर कसं येईल, याच काळजीत हयात गेली. उभ्या बाजूला उतार, बिडासाठी मीटरला 10 मिलिमीटर वाढ, रेतीत अडकणारा खाचा, म्हणजे अंडरकट, दिसला की कोअर. आता फाउंड्रीवाले पॅटर्न मशीनवर कोरून घेतात. काम ओसरलं, अंगठाही थरथरतो. म्हणून हौसेनं सिंहाचा जबडा फाडणारा बायबलमधला शमशोन कोरायला घेतला. तर त्याची झुंज म्हणजे नुसता अंडरकट! काखेत, आयाळीखाली, जबड्याच्या आत. रेतीतून निघेल असा शमशोन सिंहाशी लढत नाही, त्याला टेकून उभा राहतो.

ड्यूररचा 1497 च्या सुमाराचा शमशोन लाकडातलाच, पण छापाचा, सपाट. पीटरहॉफच्या कारंज्यातला कोझलोव्स्कीचा 1802 चा शमशोन ब्राँझचा. ब्राँझला रेषा कुठली? तो महायुद्धात नाहीसा झाला, 1947 मध्ये त्याच जागी दुसरा बसवला. ओतकामात पुन्हा ओतता येतं. माझ्याकडे बोट तुटलं की ठोकळा गेला.

शेजारच्या शेडमधला पोरगा म्हणतो, "मामा, फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर टाका, रात्रीत होईल." होईलही. पण कटर शिरेल तेवढाच जबडा उघडेल. बाजारातले संत बघा: बोटं मिटलेली, ओठ मिटलेले, सगळं अंगाशी. आणि बोटं वेगळी करून चिकटवणारे? ते मूर्ती नाही, फर्निचर करतात.

हे बोलणारा मी आयुष्यभर उभ्याआडव्या फळ्या चिकटवूनच पॅटर्न करत आलो. मोठा पॅटर्न एका ठोकळ्यातून कुणी करत नाही. इथे मात्र एकच लाकूड हवं, आणि या हट्टात कारागिरी कमी, मिरवणं जास्त. शेवटी रेषा तिरपी घेतली. सुळे थोडे बोथट झाले, बोटं थोडी जाड. मग जीभ कोरली. शमशोनाच्या तळव्याआड ती दिसतही नाही.

बायबलच्या शास्ते या पुस्तकात आहे, की तिम्नाच्या वाटेवर नुसत्या हातांनी सिंह फाडल्यावर शमशोनानं ते आईबापांनाही सांगितलं नाही. मी शेडमध्ये येईल त्याच्या हातात टॉर्च देतो आणि म्हणतो, आत बघा.