मोटार का अडली?

साताऱ्यास आमच्या घराच्या अंगणात एक जुनी फियाट मोटार उभी असते. माझ्या वडिलांनी ती १९६८ साली घेतली. ते सांगलीस डॉक्टर होते. त्या काळी पैसे भरूनही मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ती प्रथम दारात आली, तेव्हा सगळी आळी पाहावयास लोटली होती. आईने तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, तिला ओवाळले आणि मगच वडिलांच्या हाती किल्ली दिली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

या जातीच्या मोटारी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीचा हा कारखाना. पुढे याच मोटारीस ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली. सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. जुन्या मोटारींचे हेच दुःख असते. मोटार जिवंत राहते, पण तिचे सुटे भाग घडविणारे हात थांबतात. मग एखादा भाग निकामी झाला, तर तो आणावयाचा कोठून?

हा प्रश्न माझ्यापुढे २००९ साली उभा राहिला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. आई सांगलीच्या जुन्या घरी राहत असे आणि मी साताऱ्यास मुख्याध्यापक होतो. दर शनिवारी शाळा सुटली, की मी वडिलांची मोटार काढी आणि कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगलीस जाई. त्या मोटारीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की आई दारात येऊन उभी राही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोटार वाटेत अडू लागली. चांगली धावत असताना ती आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास थांबले, की काहीच झाले नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. मी तिला एकामागून एक अशा तीन ठिकाणी दाखविले. “हे बदला, ते बदला,” असा माझाच आग्रह असे. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर धुतला. शेवटी पेट्रोल ओढणारा मूळचा पंपही काढून भंगारात दिला आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पंप कसाबसा बसविला. खर्च वाढत गेला; मोटार मात्र अडतच राहिली. अखेर कंटाळून मी एका भंगारवाल्याशी सौदा ठरविला. ही गोष्ट आईच्या कानी घातली, तेव्हा ती काहीच बोलली नाही. वडिलांचा मोटार पुसण्याचा पिवळा कपडा तिने खुंटीवरून काढला आणि घडी घालून पेटीत ठेवला. तिचे ते न बोलणेच मला सलले.

विकण्यापूर्वी एकदा शेवटचे पाहावे, म्हणून सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींकडे मी मोटार नेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही, की पान्याला हात लावला नाही. मला बाकावर बसविले, चहा मागविला आणि विचारले,

“सर, गाडी निघाल्यावर किती वेळानं बंद पडते?”

“कधी अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी. त्याला काही नियम नाही.”

“नियम असतो, सर. आपल्याला दिसत नाही, एवढंच,” ते शांतपणे म्हणाले. “बंद पडते तेव्हा टाकी भरलेली असते, का अर्धी?”

हा विचार मी कधीच केला नव्हता. आठवू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की मागच्या शनिवारी कराडला टाकी काठोकाठ भरली होती आणि मोटार पेठ नाक्याच्या अलीकडेच अडली होती. त्याच्या आधीच्या खेपेस टाकी अर्धी होती; तेव्हा मात्र ती थेट आष्ट्यापर्यंत आली होती.

मिस्त्रींचे डोळे चमकले. “आता आणखी एकच सांगा. हे दुखणं सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं होतं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. आणि मग मला टाकीचे झाकण आठवले. मूळचे झाकण पेट्रोल पंपावर विसरून राहिले होते. त्याऐवजी मी चांगले घट्ट बसणारे, थेंबभरही पेट्रोल बाहेर न येऊ देणारे झाकण आणले होते. त्या खरेदीचा मला थोडा अभिमानही होता.

मिस्त्रींनी टाकी भरून घेतली, झाकण सैल ठेवले आणि आम्ही मिरजेपर्यंत जाऊन परत आलो. मोटार एकदाही अडली नाही. मला वाटले, झाले काम! पण मिस्त्री म्हणाले, “एका फेरीनं काय कळतंय? आता उलटं करून बघू.” पुन्हा टाकी भरली, या वेळी झाकण घट्ट लावले आणि त्याच वाटेने निघालो. परतताना मोटारीने आचका दिला आणि ती थांबली. मिस्त्री खाली उतरले व त्यांनी झाकण फिरविले. ‘स्स्’ असा आवाज झाला आणि बाहेरची हवा टाकीत शिरली. पुढच्याच मिनिटाला मोटार सुरू झाली.

मुलांनो, कारण अगदी साधे होते. टाकीतून पेट्रोल बाहेर गेले, की त्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते. मूळच्या झाकणास त्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली होती. माझ्या घट्ट झाकणास ती नव्हती. आतील हवा विरळ होत जाई, तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होई आणि मग पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. मोटार थांबली, की फटींतून हळूहळू हवा आत झिरपे. म्हणून ती अर्ध्या तासाने सुरू होई. भरलेल्या टाकीत पेट्रोलवर हवा थोडीच असते, ती लवकर विरळ होते. अर्ध्या टाकीत हवा पुष्कळ असते, तिला वेळ लागतो. म्हणजे नियम होता. मीच तो पाहिला नव्हता.

घरी येऊन मी हे सारे आईला समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, “अरे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं, तर तेल गचके खात येतं. म्हणून समोरासमोर दोन पाडायची. एवढं तर कुणालाही ठाऊक असतं!” एम.ए. झालेला मुख्याध्यापक यावर काय बोलणार?

झाकणाचा प्रश्न एका लेथवाल्याने सोडविला. त्याने झाकणात हवेपुरती वाट कोरली आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये, म्हणून वर छोटी टोपी बसविली. पण पंपाचे काय? परक्या गाडीचा पंप नीट बसत नव्हता आणि सांध्यातून पेट्रोल पाझरत होते. घाईने भंगारात दिलेल्या त्या मूळच्या पंपासाठी मी आता दारोदार फिरू लागलो. सांगलीची दुकाने पाहिली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंडलो. दुकानदार मान हलवीत. अखेर मुंबईच्या एका स्नेह्याने मोडीत निघालेल्या टॅक्सीचा पंप मिळवून पाठविला. त्याच्या आतला पडदा फाटलेला होता. मिस्त्री म्हणाले, “सांगाडा चांगला आहे ना? मग बाकीचं आपण करू.” पेट्रोलमध्ये टिकणारे कापड आणून त्यांनी मापाने पडदा कापला. पंप जेथे बसतो त्या जागी जाड कागद धरला आणि त्याच्या कडेवरून हातोडीने हलके हलके ठोकले. तसे जागेचे हुबेहूब माप कागदावर उमटले आणि पॅकिंग तयार झाले.

ते पाहताना मला वाटले, की हे कसब या मुलखाला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली सांगली जिल्ह्यातील आजच्या किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि तेलाची इंजिने बाहेर पडली. मिळत नाही ते घडवावे, ही विद्या या दोन जिल्ह्यांत फार पूर्वीच रुजलेली आहे.

सोमवारी मी शाळेत गेलो. टेबलावर एक पत्र सहीसाठी ठेवलेले होते. सातवीतील एक मुलगा पहिल्या तासांना झोपतो, गणितात मागे पडला आहे, तरी त्याला शाळेतून काढून न्यावे, असे त्याच्या वडिलांना कळविणारे ते पत्र होते. आम्ही त्याचा बाक बदलला होता, तुकडी बदलली होती, शिक्षाही केली होती. मी लेखणी उचलली आणि मला मिस्त्रींचे प्रश्न आठवले. मी हजेरीपट आणि वर्गशिक्षकांच्या नोंदी मागवून घेतल्या. मुलगा रोज झोपत नव्हता. एका आठवड्यात तो झोपे, पुढच्या आठवड्यात टक्क जागा असे. मी त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, एक आठवडा शेताची लाइट दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीची असली, की मी वडिलांबरोबर उसाला पाणी द्यायला जातो.”

ते पत्र मी फाडून टाकले. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला गणित मधल्या सुट्टीनंतर शिकवावयाचे, असे आम्ही ठरविले. पुढे तो दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला.

मोटार अजून धावते. भंगारवाल्याशी केलेला सौदा मी त्याच आठवड्यात मोडला होता. आईने पेटीतला पिवळा कपडा पुन्हा खुंटीला लावला आणि पुढच्या शनिवारी ती मोटारीत माझ्या शेजारी येऊन बसली. वाटेत हरिपूरच्या संगमावर आम्ही थोडा वेळ थांबलो. परत निघताना मी किल्ली फिरविली. मोटार एका हाकेत सुरू झाली आणि आई म्हणाली, “बघ, तिचं काहीच बिघडलं नव्हतं.”