सैल अंगठा

चेलो वाजवणाऱ्याला सगळे एकच विचारतात, बोटं दुखत नाहीत का? दुखतात, डाव्या हाताची. पण त्या दुखण्याला जरा मान आहे. तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडले की शिकणारा ते चार लोकांना दाखवतो. उजव्या हाताच्या अंगठ्याचं दुखणं दाखवण्यासारखं नसतं. तो गजाच्या आड असतो, ऐकणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. यंदा चाळिशीच्या उपवासकाळात माझा अंगठा बुंध्याशी इतका ठणकायला लागला की कपाची कान पकडताना हात बदलावा लागे. पास्काच्या मिस्सेला गायनवृंदाबरोबर मी वाजवायचं हे नाताळातच ठरलेलं होतं.

सुरतेत चेलो ही तशी विनोदी गोष्ट आहे. गुजरातीत चेलो म्हणजे शिष्य, आणि बाकी सगळ्यांसाठी चेलो म्हणजे पेन नाहीतर पाण्याची बाटली. मुंबईहून येताना गाडीत हमखास कुणीतरी विचारतं, ‘इतक्या मोठ्या पेटीत काय नेतेस?’ नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, ‘कंपनीचा माल आहे का?’ गिटार आणि कीबोर्डचे क्लास आमच्या उधन्यातही आहेत, पण चेलो शिकवणारं मला इथे कुणी सापडलं नाही. सर मुंबईत. सुट्टीत घरी आले की शिकवणी मोबाइलवर. मोबाइलवर सूर बेसूर झालेला कळतो, पण अंगठ्यात किती जोर आहे ते सरांना कसं दिसणार?

तरी त्यांनी ओळखलं, तेही आवाजावरून. म्हणाले, ‘सूर घुसमटतोय. अंगठा दाखव.’

गज म्हणजे साधारण ऐंशी ग्रॅमची काठी. एवढ्याशा वजनाने हात दुखावा हे कुणाला पटत नाही, आणि खरंच ते वजनाने दुखत नाही. दुखतं ते भीतीने. काठी सुटेल, घसरेल, खाली पडेल म्हणून हात आपोआप पकडीसारखा आवळतो, वरून चार बोटं आणि खालून अंगठा. अंगठा ताठ झाला की मनगट ताठ होतं, मग कोपर, मग खांदा कानाकडे चढतो. शिवाय अंगठ्याची रचनाच अशी आहे की चिमटीत टोकाशी जेवढा जोर लावाल त्याच्या कितीतरी पट बुंध्याच्या सांध्यावर येतो. तास-दीड तास असं चाललं तर तो सांधा बोलणारच.

अंगठा किंचित वाकलेला हवा, बाहेरच्या बाजूला. त्याच्या टोकाचा कोपरा फ्रॉगपाशी, म्हणजे केसांचा ताण कमी-जास्त करणारा तो काळा ठोकळा असतो त्याच्या कडेला, काठीला नुसता टेकलेला. समोर मधलं बोट. हे सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते सरांनी सांगितलं: गज तू धरलेलाच नाहीस, तारेने धरलाय. गज तारेवर टेकवायचा, डाव्या हाताने त्याचं टोक सांभाळायचं आणि उजवा अंगठा चक्क काढून घ्यायचा. काठी पडत नाही. मग तसंच, अंगठ्याशिवाय, छोटे छोटे स्वर ओढायचे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सर्वांत जाड तारेचा सा असा घुमला की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. जोर पंजाचा नव्हता, सबंध हाताचं वजन पाठीपासून खाली उतरत होतं. गजाच्या टोकाकडे जाताना हात थोडा आतल्या बाजूला कलवून तर्जनीवर भार द्यावा लागतो, कारण तिथे काठीचं आपलं वजन पुरत नाही. पण तेव्हाही अंगठ्याने प्रत्युत्तर द्यायचं नाही. हे अजून मला दहात सहा वेळा जमतं.

पाब्लो कासाल्सचं वाचलं तेव्हा बरं वाटलं. 1876 मध्ये जन्मलेला हा कातालान वादक शिकत होता तेव्हा विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक ठेवायचे, हात अंगाला चिकटून राहावा म्हणून. पुस्तक पडलं की चूक. त्याने पोरवयातच ते झुगारलं आणि हात मोकळा सोडला. आपल्याकडे सारंगीचा गज तर पंजा खालून घालून धरतात, तिथे अंगठ्याचा हिशेबच निराळा. मला कधीकधी सारंगीवाल्यांचा हेवा वाटतो, पण मग त्यांची नखं आठवतात. तार नखाच्या मुळाशी घासून वाजवायची! दुखणं कुठेतरी असतंच.

डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं. तेव्हा मनगटाच्या कडेला कळ आली तर कंडरेच्या आवरणाला सूज असण्याचा संशय घेतात; द करवें नावाच्या स्विस सर्जनने 1895 मध्ये त्या आजाराचं वर्णन केलं होतं. माझं तसं निघालं नाही. ‘थोडं वाजव, उठ, परत बस,’ एवढंच औषध. मी पंधरा मिनिटांचा गजर लावायला लागले, आणि काठीवर धरायच्या जागी रबरी नळीचा तुकडा चढवला. जाड झाल्यावर आवळावं लागत नाही.

शेजारच्या काकू धुळ्याकडच्या. उधना-जळगाव लाइनीने अख्खं खानदेश इथे आलंय, पुरुष लूमवर आणि बायका घरी साड्यांचे धागे कापतात. एम्ब्रॉयडरीच्या उलट्या बाजूला लोंबणारे हजारो धागे, हातात छोटं कटर, आणि पैसे साडीमागे. त्या दारात बसून माझा रियाज ऐकतात. मी अंगठा चोळताना पाहून म्हणाल्या, ‘मना बी आंगठा दुखस ना, पोरी.’ त्यांचा अंगठा मी हातात घेऊन पाहिला. बुंध्याशी माझ्यासारखीच जागा, पण तिथे हाड वर आलंय. मी उत्साहाने सांगितलं, काकू, सैल सोडा, दर पंधरा मिनिटांनी थांबा. त्या हसल्या. थांबलं तर गठ्ठा संध्याकाळपर्यंत होत नाही, आणि गठ्ठा न्यायला माणूस सहाला येतो. मला सरांनी शिकवलेलं सगळं खरं होतं, फक्त ते थांबू शकणाऱ्या माणसासाठी होतं.

पास्काच्या रात्री मी वाजवलं, शेवटच्या गाण्याला अंगठा जरा ताठला. नळीचा उरलेला तुकडा मी उभा चिरून काकूंच्या कटरच्या दोन्ही पात्यांवर, धरायच्या जागी, दोऱ्याने बांधून दिलाय. धागा त्यांचाच, साडीचा, जांभळा. त्या म्हणतात आवळावं कमी लागतं, पण रबर घामाने सरकतं. आता त्यावर कापडाची पट्टी गुंडाळून पाहणार आहोत.