संधाता

आयटीआयच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका हातात पडली की मी त्यातले व्यवसायांचे मराठी शब्द वाचत बसते. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, तारतंत्री म्हणजे वायरमन. आणि वेल्डरला शब्द आहे 'संधाता'. बोलताना हा शब्द कुणीच वापरत नाही. सोलापुरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडसमोर उभं राहून "संधाता आहेत का?" असं विचारलंत, तर "त्या नावाचं इथं कुणी नाही, पुढच्या गल्लीत विचारा" असं उत्तर मिळेल :-) पण आयुष्यभर पोरांना संधी आणि संधीविग्रह शिकवलेल्या बाईला हा शब्द आवडला नाही तरच नवल!

तर मंडळी, गेल्या उन्हाळ्यापासून मी घरच्या परसात वेल्डिंग शिकते आहे. ही बातमी नात्यागोत्यात पसरल्यापासून फोनवर तेच ते प्रश्न येतात. कशासाठी? या वयात? आणि डोळ्यांचं काय? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकावं म्हटलं.

'कशासाठी' याचं उत्तर सोपं आहे. कूलरचा स्टँड. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. आमच्या जुन्या स्टँडचे पाय पाण्याने गंजून खालून पापुद्र्यांसारखे सुटायला लागले होते. ते बघायला माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याची स्वतःची शेड आहे. येताना एका हातात डब्यासारखं काहीतरी लटकवून आणलं होतं. मला वाटलं जेवणाचा डबा, निघालं वेल्डिंगचं मशीन! पूर्वीची मशीनं म्हणजे चाकांवरून ढकलत न्यायची धूडं. हल्लीचं इन्व्हर्टर मशीन पाच-सहा किलोचं असतं आणि घरच्या मोठ्या, पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालतं. मी विचारलं, "मला येईल का रे हे?" तो हसला नाही. म्हणाला, "न यायला काय झालं? शिका की ओ बाई."

मग दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोन तास, असा आमचा वर्ग सुरू झाला.

आधी मशीन काय करतं ते. घरात वीज येते २३० व्होल्टची. मशीन हा दाब उतरवून साठ-ऐंशी व्होल्टवर आणतं, आणि ठिणगी पेटल्यावर तर तो वीस-पंचवीसच उरतो. त्याच्या बदल्यात प्रवाह मात्र खूप वाढवतं. आमच्या अडीच मिलिमीटरच्या रॉडला सत्तर-ऐंशी अँपिअर लागतात. एक वायर अर्थची, तिचा चिमटा लोखंडाला लावायचा. दुसरी होल्डरची, त्यात रॉड पकडायचा. रॉडचं टोक लोखंडाला टेकवून किंचित उचललं की मधल्या फटीत वीज उडी मारते. तिथलं तापमान पाच-सहा हजार अंशांवर जातं, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतकं. लोखंड वितळायला पंधराशे-सोळाशे पुरतात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते रॉडचं. वरून उदबत्तीसारखा दिसणारा हा रॉड म्हणजे आत लोखंडाची तार आणि बाहेर लेप. हा लेप मुळात नव्हता. १८८८ च्या सुमारास रशियात स्लाव्हियानोव्ह यांनी धातूचाच रॉड वितळवून जोड द्यायची रीत काढली, पण तो रॉड उघडा होता. तापलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरायचा आणि जोड ठिसूळ, भोकाभोकांचा व्हायचा. पुढे स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांना जहाजांच्या बॉयलरची गळती बंद करायची होती. त्यांनी १९०७ मध्ये लेप दिलेल्या रॉडचं पेटंट घेतलं. लेप जळून त्याचा वायू होतो आणि तो हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप वितळून जोडावर खपली धरतो. दुधावर साय धरते ना, तशी! जोड गार झाला की हातोडीने टकटक करून ती खपली काढायची. काम चांगलं झालं असेल तर ती लांबच्या लांब सुटून येते. वाटाण्याची शेंग सोलल्याचं सुख!

आपल्याकडे १९५१ साली अडवाणी-ऑर्लिकॉन ही कंपनी निघाली आणि पुढे तिचे रॉड गल्लीगल्लीत पोचले. त्याआधीची मोठी लोखंडी कामं बघा, रिव्हेट ठोकून केलेली दिसतील. १९४३ साली सुरू झालेला कोलकात्याचा हावडा पूल अख्खा रिव्हेटचा आहे.

रॉडच्या पुड्यावर ६०१३ असा आकडा असतो. त्यातल्या साठचा अर्थ ताण सोसायची ताकद, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड. एकचा अर्थ हा रॉड आडवा, उभा, डोक्यावर कसाही चालतो. आणि शेवटचे दोन आकडे मिळून लेप कुठला ते सांगतात. आमच्या रॉडच्या लेपात रुटाइल नावाचं खनिज असतं, केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं ते. हा रॉड नवशिक्यांना सांभाळून घेतो म्हणतात.

सांभाळून घेतो म्हणजे किती, तर सुरुवातीला तो फक्त चिकटतो. काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड लोखंडावर ओढायचा असतो. हळू ओढला की चिकटला, जोरात उचलला की विझला. दोन्हींच्या मधली जागा कुठल्या पुस्तकात सापडत नाही. "आवाज ऐका बाई," एवढंच तो सांगायचा. नीट जमतं तेव्हा कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज येतो. रॉड लांब गेला की आवाज फटफटतो, जवळ गेला की घुसमटतो. तो पाठ करून उभा असतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, "करंट पाचने वाढवा." शाळेत मागच्या बाकावर बसायचा, काठावर पास व्हायचा. पण कान असा, की गाण्याच्या बाईंनी हेवा करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठे बघायचं. नवखा माणूस त्या लखलखाटाकडे बघतो. बघायचं असतं त्याच्या मागे, वितळलेल्या लोखंडाच्या चिमुकल्या डबक्याकडे. काचेतून ते नारिंगी दिसतं, आणि त्याच्या दोन्ही कडा दोन्ही लोखंडांना भिजवतायत की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. माझी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली आहेत, तरी डबकं दिसतं. हेल्मेटच्या आत वाचायचा चष्मा लावला की आणखी चांगलं दिसतं.

एका रविवारी त्याने दोन नमुने मुद्दाम करून आणले. पट्टीवर पट्टी काटकोनात जोडलेली. एकाचा जोड सुरेख, अगदी वेणी घातल्यासारखा. दुसऱ्याचा जरा ओबडधोबड. दोन्ही शिकंज्यात धरून त्याने हातोडा घातला. सुरेख जोड एका फटक्यात उखडून आला, आणि खालचं लोखंड जसंच्या तसं, चकचकीत! रॉडचा माल नुसता वर बसला होता, खालचं लोखंड वितळलंच नव्हतं. दुसरी पट्टी वाकली, पार दुमडली, पण जोड सुटला नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, हे संधीसारखं आहे. सूर्य अधिक उदय, सूर्योदय. 'अ' पण उरत नाही, 'उ' पण उरत नाही, दोघं विरघळून 'ओ' होतो. दोन्ही बाजूंनी आपलं काहीतरी सोडावं लागतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण बाई, संधीचा विग्रह करायला लावायचात की तुम्ही आम्हाला. सूर्योदयचे परत दोन शब्द व्हायचे. ह्याचं तसं होत नाही. चांगला जोड सुटत नाही. तुटलंच तर शेजारचं लोखंड तुटतं."

इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण माझ्या उदाहरणातली उणीव इतक्या नेमकेपणाने कुणी दाखवली नव्हती. मनापासून आनंद झाला. आपलं गाव गिरण्यांचं, मागांचं. तुटलेला धागा गाठ मारून जोडणारे हात इथे घरोघर होते. पण गाठीत दोन्ही टोकं आपापली वेगळी राहतात, चादरीवर बोट फिरवलं तर गाठ हाताला लागते. हा जोड त्यातला नव्हे. शाळाशाळांतून "अभ्यास केला नाहीस तर वेल्डिंगच्या दुकानात बसशील" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या म्हटलं गेलंय. त्या दुकानात काय काय यावं लागतं, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

आता डोळ्यांचा प्रश्न. तो खरा गंभीर आहे, म्हणून नीट लिहिते. या उजेडात अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्याने पाहिलं तर त्या वेळी काही होत नाही, पण काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं. बुबुळाचा वरचा पडदा भाजलेला असतो. सहसा एक-दोन दिवसांत तो बरा होतो, पण डॉक्टरांना दाखवावंच. बटाट्याच्या चकत्या ठेवणं हा उपाय नव्हे. मी वापरते ते हेल्मेट ठिणगी पेटताच आपोआप काळं होतं, दहा नंबरच्या काचेइतकं. अंगात ह्यांचा जुना, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हातात चामड्याचे मोजे, पायात बंद बूट. सिंथेटिक साडी किंवा ओढणी चालत नाही. ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. शेजारच्या वहिनींचं कुरडयांचं वाळवण असेल त्या दिवशी वर्गाला सुट्टी. जवळ पाण्याची आणि वाळूची बादली असते, आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपला आम्ही हात लावत नाही. त्यावरच्या जस्ताच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो.

धुराचं तर आणखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. मी उघड्या परसात आठवड्याला दोन तास करते, वाऱ्याकडे बघून उभी राहते. पण शेडमधली पोरं दिवसाचे आठ-दहा तास, पत्र्याच्या छपराखाली, कित्येकदा नुसता काळा गॉगल लावून काम करतात. मी त्याला म्हटलं, "तुझ्या पोरांना हेल्मेट का नाही?" तो म्हणाला, "आहेत की ओ. घालत नाहीत. गरम होतं म्हणतात."

मग एक दिवस मीच शेडवर गेले. चार पोरं होती. कुणालाच मी शिकवलेलं नव्हतं, पण बाईंचा आवाज ओळखायला शाळा तीच लागते असं नाही. रागावले नाही. एकेकाला विचारलं, रात्री डोळे खुपतात का? चौघंही खाली बघायला लागले. सगळ्यात लहान, सतरा-अठराचा असेल, म्हणाला, "आईला सांगू नका." त्याच्या आईला मी ओळखतसुद्धा नाही! आता दर पंधरवड्याला माझी एक फेरी असते. चारातले तिघं हेल्मेट घालतात. मोठा एक्झॉस्ट पंखा बसवायचं मालकाने कबूल केलंय. चौथ्याचं बघू.

स्टँड झाला का? झाला. पंचवीस मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल. त्याने कापून दिला, जोड सगळे माझे. लोखंड तापताना फुगतं आणि गार होताना आकसतं, त्यामुळे चौकट एका बाजूला ओढली जाते. म्हणून आधी चारी कोपऱ्यांना टिकली एवढे टाके मारायचे, गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे आणि मगच समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरायचे. कूलर आणि पन्नास लिटर पाणी मिळून पासष्ट किलोच्या आसपास वजन. त्याच्यासमोरच सुट्टीत आलेला नातू झोपणार, त्यामुळे दिसण्याशी मला काही घेणं नव्हतं. आम्ही स्टँडवर सिमेंटची दोन पोती चढवली, म्हणजे शंभर किलो, आणि दोन दिवस तशीच ठेवली. मग ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून स्टँड धरून गदागदा हलवून पाहिला आणि "हं" म्हणाले. पन्नास वर्षांच्या संसारात या 'हं'ची किंमत मला ठाऊक आहे.

आता दिवाळीच्या आत मागच्या दाराची जाळी करायची आहे. उभा जोड खालून वर न्यायचा असतो आणि वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं. ते अजून जमायचं आहे. नागपूरच्या वन्संना सांगायचं राहिलं, मशीन सुरू असताना फोन उचलत नाही. काळजी करू नये, रविवारी अकरानंतर करावा.