डब्यातला पाऊस आणि माझी घाई

आज खत-फवारणीचं काही नाही, जरा वेगळं लिहितोय.

आमचं रान नेवासा तालुक्यात. जमीन काळी, भारी, पण विहिरीला पाणी जेमतेम. 2022 च्या जूनमध्ये एक जोराची सर आली आणि दुसऱ्या दिवशी वाफसा दिसताच मी सोयाबीन पेरून टाकलं. वरची दोन बोटं ओल, खाली खडखडीत. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि करपलं. दुबार पेरणीला मंडळीनं बचत गटातून पैसे उचलले. ती एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पेरणीआधी मी प्रार्थना केली होती. खरं सांगायचं तर ती प्रार्थना नव्हतीच. तारीख मी ठरवली होती, प्रभूकडे फक्त सही मागत होतो. आणि वर रुसलोही मीच, तीन रविवार उपासनेला गेलो नाही. शेवटी पाळकसाहेब घरी आले. उपदेश केला नाही, चहा घेतला. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. जाताना विचारलं, "पाऊस मोजता का?" म्हटलं, नाही. "मग ओल पुरेशी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? देवानं?"

2023 ला बांधावरच्या खांबाला सरळ भिंतीचा एक डबा ठोकला. सर थांबली की आत पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजायचे. घरच्या फुले संगमचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौसष्टच उगवले, म्हणून एकरी तीस किलोऐवजी तेहेतीस किलो बी धरलं. ठरवलं, 75 च्या खाली पेरायचं नाही.

त्या जूनला बिपरजॉय वादळ आलं आणि मान्सून कोकणातच अडकला. आमच्याकडे महिनाअखेरीला पहिली सर आली, डब्यात 28. आख्खी शिवार पेरायला धावली. शेजारचे अण्णा म्हणाले, "पेर की, देव पाहून घेईल." मंडळी म्हणाली, "देव पाऊस पाडतोय आणि तुम्ही डबा बघत बसा." पुढच्या सरीनंतर बेरीज 41, मग 57. रात्री झोप नव्हती हो. सोयाबीनला 15 जुलैच्या पुढं जाऊ नये हे मलाही माहीत. तसं झालंच तर बाजरी-तुरीचं बी घरात आणून ठेवलं होतं. कुणी म्हणेल, हा कसला विश्वास? मला वाटतं, बी आणून ठेवल्यामुळेच मला थांबता आलं.

त्याच दिवसांत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पुन्हा वाचला. आगोटीच्या आणि वळवाच्या पावसासाठी धीर धरणारा शेतकरी त्यात आहे. त्यांच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यावर गहू-जव पेरायचे, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. लहानपणापासून हे ऐकत आलोय, पण मला धीर म्हणजे पेरणीपुरताच वाटायचा. त्या गड्याची अर्धी वाट तर पेरून झाल्यावरची आहे.

8 जुलैला बेरीज 83. नऊला पेरलं. उगवण एकसारखी झाली.

वाट पाहिली म्हणून देवानं मला जास्त दिलं, असं लिहायला आवडलं असतं. पण तो ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. ऐन फुलोऱ्यात पाऊस गायब, निम्मी फुलं गळाली. अण्णांच्या विहिरीला पाणी होतं, त्यांनी तुषारवर दोन पाळ्या दिल्या, त्यांना एकरी सात क्विंटल झालं. सप्टेंबरच्या पावसानं उरलेल्या शेंगा भरल्या, मला पाच झालं. पण बी एकदाच घेतलं आणि बचत गटाचे मागचे हप्ते फिटले. त्या ऑगस्टात मी एकही रविवार चुकवला नाही. प्रार्थनेत पाऊस मागितला, तारीख नाही मागितली.

कापणीच्या सणाला मंदिरात सोयाबीनची एक पाटी नेली. मोठी नव्हती. पाळकसाहेबांनी हात घालून दाणे पाहिले आणि विचारलं, "डबा आहे ना अजून?"

आहे. आता मंडळीच मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. तुमच्याकडे कोण मोजतं? पेरणीवेळी बेरीज किती होती, ते गाव आणि जमिनीच्या प्रकारासह खाली कळवा.