नोव्हेंबरातलं माहेर

माझं माहेर पोलंडमधलं क्राकूव्ह, सासर बेळगाव. लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले, "पोलिश माणसं आम्हाला नवीन नाहीत." कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांच्या गोष्टी ते लहानपणापासून ऐकत आलेले.

माहेरी जायचं ते मुलांच्या एप्रिल-मेच्या सुटीत. त्यामुळे मुलांचं आजोळ म्हणजे सफरचंदाचा बहर, आफ्रिकेतून परतलेले करकोचे आणि रात्री आठलाही उजेड. एकदाच डिसेंबरात गेलो. २४ तारखेला पहिली चांदणी दिसल्यावर बारा पदार्थांचं जेवण. मांस वर्ज्य, पण मासा चालतो! (हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही.) अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जादा मांडलेलं.

१ नोव्हेंबर मात्र दरवर्षी राहून जायचा. त्या दिवशी पोलंडभर लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात, दिवे लावतात. आपली सर्वपित्रीच म्हणा ना. बेळगावात त्याच दिवशी एका घरी राज्योत्सव, शेजारच्या घरी काळा दिन. माझ्या मनात तिसरंच काही.

बाबा गेले तेव्हा विमान मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गेल्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "होगि बा." जाऊन ये. त्यांचं माहेर धारवाडचं.

साडेचारलाच अंधारून आलं होतं. आई काठी टेकत पुढे. थडग्यापाशी थांबून म्हणाली, "उशीर केलास." माझी काड्यापेटी सादळलेली. शेजारच्या थडग्यापाशी उभ्या बाईंनी न बोलता त्यांची पुढे केली.